घरीच शिकतो, मग एडीएचडी आहे की नाही हे कोण सांगणार?

इंदिरानगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: मुलगा साडेआठ वर्षांचा. पहिलीनंतर शाळा सोडवली, गेलं दीड वर्ष घरीच शिकतोय. तोंडी विचारलं तर सगळं येतं, पण वही उघडली की पाच मिनिटांत उठतो. आतल्या खोलीतून कंपासपेटी आणायला पाठवलं तर पंधरा मिनिटांनी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालताना सापडतो. तोच मुलगा ब्लॉक्स जोडायला बसला की दोन तास जागचा हलत नाही. सासूबाई म्हणतात, शाळेत घाला, आपोआप वळण लागेल. नवरा म्हणतो, मीही लहानपणी असाच होतो. ताई विचारतात: याला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याचा आजार, आहे का? असेल तर मी घरी ठेवल्यामुळे झालं का? आणि शाळाच नाही, तर ओळखायचं कसं आणि करायचं काय?

ताई, मी नाशिकमध्ये बावीस वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे. सुरुवातीला शाळेत होते, आता मुलांना एकेकट्याने शिकवते. गेल्या काही वर्षांत घरीच शिकणारी मुलंही माझ्याकडे यायला लागली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या मुलाला एडीएचडी आहे की नाही हे मी सांगणार नाही. त्याला न बघता कोणी सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका. पण निदानाच्या आधी आईने काय बघायचं आणि निदानानंतर घरात काय बदलायचं, यात माझी सगळी वर्षं गेली आहेत, तेवढं सांगते.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधला आधी घेते, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. घरी ठेवल्यामुळे एडीएचडी होत नाही. शाळेत घातल्यामुळे जात नाही. लाड केल्याने होत नाही आणि धाक दाखवून बरा होत नाही. जुळ्या मुलांवर झालेल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय की यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, साधारण 70 ते 80 टक्के. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा 2007 सालचा एक अभ्यास मी पालकांना आवर्जून सांगते. अशा मुलांच्या मेंदूचा बाहेरचा थर इतर मुलांसारख्याच क्रमाने वाढतो, पण सरासरी तीनेक वर्षं मागे असतो, आणि सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात दिसतो. स्वतःला आवरणं, ठरवलेलं लक्षात ठेवणं, एक काम सोडून दुसरं धरणं ही कामं याच भागाची. म्हणजे साडेआठ वर्षांच्या मुलाकडून काही बाबतींत साडेपाच-सहा वर्षांच्या मुलाइतकीच अपेक्षा ठेवावी लागते. बुद्धीच्या बाबतीत नाही, आवरण्याच्या बाबतीत. ही सरासरी आहे, तुमच्या मुलाचं मोजमाप नाही. पण एवढं लक्षात आलं की आई त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागते, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

मग घराचा यात काही संबंध नाही का? आहे, पण वेगळा. घर हळूहळू मुलाच्या मापाचं होत जातं. पाण्याची बाटली आपण भरतो, चप्पल आपण शोधतो, सूचना चार वेळा देतो आणि चौथ्यांदा दिलीये हे आपल्याही ध्यानात राहत नाही. एका आईने मला ठामपणे सांगितलं होतं, "घरी काहीच त्रास नाही हो, वर्गातच तेवढा होता." मी तिला एकच दिवस मोजायला सांगितलं: सकाळी उठल्यापासून अंघोळ होईपर्यंत त्याला किती वेळा काहीतरी आठवण करून दिली. आकडा सव्वीस निघाला. ती आई कमी पडत नव्हती. ती रोज मुलाच्या डोक्यातलं एक काम स्वतःच्या डोक्याने करत होती, आणि म्हणून ते काम दिसतच नव्हतं. काही घरांत नेमकं उलटं होतं. शिकवणारी आई, रागावणारी आई आणि जवळ घेणारी आईही तीच, त्यामुळे मुलाची अडचण रोजचं भांडण होऊन बसते आणि दोघांनाही वाटतं की प्रश्न आपल्या नात्याचा आहे. तुमची खरी अडचण मला इथे दिसते. शाळेत बाई तीस-चाळीस मुलांकडे एकदम बघतात, त्यांना तुलना आपसूक मिळते. तुमच्यापुढे एकच मूल आहे, आणि बघणाऱ्याही तुम्हीच.

आता ब्लॉक्सचं. "दोन तास खेळतो म्हणजे लक्ष आहे, फक्त अभ्यासाला नाटकं करतो," असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतात तेव्हा त्यांचं निरीक्षण बरोबर असतं, निष्कर्ष चुकतो. या आजाराच्या नावात 'अवधानाची कमतरता' आहे आणि त्या नावाने पालकांचा फार गोंधळ केलाय. लक्ष कमी नसतं. ते हवं तिथे नेण्याची आणि हवं तेव्हा काढून घेण्याची लगाम सैल असते. आवडीच्या कामात प्रत्येक क्षणाला काहीतरी नवं घडतं, लगेच फळ दिसतं, तिथे लगामेची गरजच पडत नाही. लगाम लागते ती वजाबाकीला.

माझ्यासमोर बसलेल्या एका मुलाची एक वजाबाकी सांगते, 503 वजा 178. त्याने मला तोंडी नीट समजावलं: तीनातून आठ जात नाहीत, दशकात शून्य आहे, म्हणून शतकाकडून घ्यायचं. पाच खोडून चार केले. शून्याच्या डोक्यावर दहा लिहिले. तेवढ्यात खाली भंगारवाल्याची हाक आली, नजर खिडकीकडे गेली, परत आली, आणि हात दुसऱ्याच जागेवरून सुरू झाला. दहाचे नऊ करायचे राहिले, थेट तेरातून आठ वजा केले, उत्तर आलं 335. खरं उत्तर 325. रीत त्याला माझ्याइतकीच येत होती. अर्धवट काम डोक्यात धरून ठेवायची जी पाटी असते, ती तेवढ्या एका हाकेने पुसली गेली. घरी या चुकीवर "किती वेळा सांगितलं" असं ऐकू येतं, आणि त्यात त्याला नवीन काहीच कळत नाही, कारण सांगितलेलं त्याला आधीच माहीत असतं. माहीत असणं आणि ऐन वेळी ते हातून होणं, यांच्यामधली फट हीच त्याची अडचण. पुढे मी जे जे सुचवणार आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे: शिकवणं वाढवू नका, ऐन कामाच्या जागी टेकू ठेवा.

ओळखायचं कसं, याकडे येते. डॉक्टर ज्या निकषांवर जातात त्यांत लक्ष न लागण्याची 9 लक्षणं आहेत आणि अतिचंचलता-उतावीळपणाची 9. लहान मुलात कुठल्या तरी एका गटातली कमीत कमी 6 हवीत, ती किमान 6 महिने टिकलेली हवीत, त्यातली काही 12 वर्षांच्या आधीपासून हवीत, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यांच्यामुळे मुलाचं रोजचं जगणं खरोखर अडायला हवं. यातला 'दोन ठिकाणी' हा निकष घरी शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत नेमका सुटतो. शाळा नाही, मग दुसरं ठिकाण कुठलं? ते शोधायला लागतं, आणि सापडतं. पोहण्याचा वर्ग, तबल्याचे सर, सोसायटीतल्या मुलांचा क्रिकेटचा डाव, मामाच्या घरी काढलेले चार दिवस. तिथल्या मोठ्या माणसाला "हा कसा वागतो?" असं मोघम विचारू नका, "चांगलाय की, थोडा मस्तीखोर आहे" एवढंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा: बाकीच्या मुलांच्या मानाने याला सूचना किती वेळा द्यावी लागते? स्वतःचा नंबर येईपर्यंत थांबतो का? वस्तू विसरून जातो का? असा कुठलाच वर्ग नसेल तर निदानाआधी कमीत कमी महिनाभर एखादा लावा, आवडीचा आणि एक नावडीचाही.

आणि दोन आठवडे एक वही ठेवा. 'आज लक्ष नव्हतं', 'खूप त्रास दिला' हे लिहायचं नाही. जे कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहायचं. उदाहरण देते: "10.05 मराठी शुद्धलेखन, सहा ओळी. 10.09 उठला, पाणी. 10.12 बसला, पेन्सिलीला टोक. 10.20 दोन ओळी झाल्या, दुसरीतला एक शब्द गाळला. मी शेजारी बसले. 10.31 उरलेल्या चार ओळी झाल्या." या पाच नोंदींतून मला कळतं की एकटा असताना पंधरा मिनिटांत दोन ओळी आणि कोणी शेजारी बसलं की अकरा मिनिटांत चार. पंधरा दिवसांच्या तक्रारींपेक्षा हे डॉक्टरांना कितीतरी जास्त उपयोगी पडतं. आदल्या रात्री कधी झोपला, सकाळी काय खाल्लं, स्क्रीन किती वेळ पाहिली, हेही समासात लिहा. नवऱ्यालाही त्याची वेगळी दोन पानं लिहायला सांगा आणि एकमेकांची वाचू नका.

ही वही आणखी एका कारणासाठी लागते. एडीएचडीसारखं दिसणारं बरंच काही एडीएचडी नसतं. रात्री घोरणारा, तोंड उघडं ठेवून झोपणारा, अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागची ग्रंथी) वाढलेला मुलगा दिवसभर चुळबुळ करतो, कारण त्याची झोपच होत नाही. या वयाला रात्री 9 ते 12 तास झोप लागते आणि आपल्याकडे साडेअकराला झोपणारी मुलं मी सर्रास बघते. घरी शिकणाऱ्यांना सकाळची रिक्षा गाठायची नसल्याने ती जास्तच उशिरा झोपतात. एका कानाला कमी ऐकू येणं, चष्म्याचा नंबर, रक्तातलं लोह कमी असणं, काही सेकंद नजर थिजून जाणारे फिट्सचे बारीक झटके, घरातली ताणाची परिस्थिती, हे सगळं आधी तपासून बाजूला काढायचं असतं. म्हणून पहिली पायरी तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, आणि कान-डोळ्यांची तपासणी. अभ्यासाची पातळी चुकलेली असेल, फार सोपी किंवा फार अवघड, तरी मूल उठून जातं. घरी आपणच पुस्तकं निवडतो तेव्हा हे सहज होतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: "तोंडी सगळं येतं, वही उघडली की उठतो." इथे मी एडीएचडीइतकाच लिहिण्याच्या अडचणीचाही विचार करीन. अक्षर लागायला त्रास होणं, लिहिताना हात दुखणं, जोडाक्षरं आणि वेलांट्या सतत चुकणं, वाचताना ओळ सुटणं असं काही असेल तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं अडतं का याची, तपासणी करून घ्या. मुलाला आठ वर्षं पूर्ण झाली आहेत, म्हणजे ती करायचं वय झालंय. ही दोन्ही दुखणी पुष्कळदा हातात हात घालून येतात, आणि एकाच्या मागे धावताना दुसरं राहून जातं. साधा पडताळा घरीच घ्या. तोच अभ्यास आठवडाभर तोंडी किंवा फळ्यावर मोठ्या अक्षरात घ्या. तरीही पाच मिनिटांत उठत असेल तर अडचण लक्षाची असण्याची शक्यता वाढते. तोंडी वीस मिनिटं टिकत असेल तर आधी हात आणि लिपी यांच्याकडे बघा.

माझी एक चूक इथे सांगायला हवी, कारण हे वाचणाऱ्यांत मुलींच्या आयाही असतील. शाळेत असताना माझ्या वर्गात एक मुलगी होती. शांत, हसरी, खिडकीशी बसणारी, कधी कोणाला त्रास नाही. वह्या अपूर्ण, डबा विसरलेला, प्रश्न विचारला की "काय बाई?" मी तिच्या प्रगतिपुस्तकावर सलग दोन वर्षं 'अभ्यासात लक्ष द्यावे' असं लिहिलं. आठवीत गेल्यावर तिचं निदान झालं, तेही तिला रडू आवरेना म्हणून आई डॉक्टरांकडे घेऊन गेली तेव्हा. उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो, स्वतःतच हरवलेली मुलगी दिसत नाही. ती घरी शिकत असेल तर आणखीनच दिसत नाही. आपली मुलगी 'गुणी पण धांदरट' असेल तर तिचीही वही ठेवा.

आता कोणाकडे जायचं? निदान करणारी माणसं म्हणजे बालमानसोपचारतज्ज्ञ, मुलांच्या विकासात विशेष शिक्षण घेतलेले बालरोगतज्ज्ञ, आणि त्यांच्यासोबत चाचण्या घेणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका, मला कोणी विचारला तर मला बरंच वाटतं. खर्च परवडणारा नसेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकासाच्या अडचणी येतात आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, त्याबद्दलही विचारा. नुसतं बोलायचं असेल, आधी काय करू हे कळत नसेल, तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

एडीएचडी दाखवणारी रक्ताची चाचणी नाही, एमआरआय नाही. फिट्सची शंका असेल तर ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची तपासणी) करतात, एडीएचडी शोधायला नाही. निदान होतं ते सविस्तर मुलाखतीतून, प्रश्नावल्यांतून आणि मुलाला बघून. दहा मिनिटांत शिक्का मारून देणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जा. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो, त्याने एकाग्रता वाढते, असं सांगणाऱ्या वर्गांत पैसे घालू नका. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही, आणि मुलाला पट्टीच्या फटीतून बघून खोटं बोलायला शिकवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

निदान व्हायला वेळ लागतो. पण टेकू द्यायला निदानाची वाट बघावी लागत नाही, आणि एडीएचडी नाही असं निघालं तरी यातलं काही वाया जात नाही. इथे घरी शिकणं ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. चाळीस मुलांच्या वर्गात जे कुठल्याही बाईंना जमणार नाही ते तुम्ही उद्या सकाळपासून करू शकता.

पहिलं म्हणजे तुमच्या दोन भूमिका वेगळ्या करा. सिडकोतल्या एका आईने केलेली युक्ती मी आता सगळ्यांना सांगते. तिने अभ्यासाची एक लाल सतरंजी ठेवली. सतरंजी अंथरली की ती बाई, गुंडाळली की आई. सतरंजीवर झालेल्या चुकीबद्दल जेवताना बोलायचं नाही, हा तिने स्वतःला घातलेला नियम. गुंडाळायचं काम मुलाचं. महिन्याभराने मी गेले तेव्हा तो आठ वर्षांचा मुलगा सतरंजी गुंडाळून तिची कड भिंतीला नीट लावत होता आणि मग धावत येऊन आईच्या मांडीत शिरला. अभ्यास थोडाच वाढला होता. पण दिवस संपता संपता दोघं एकमेकांवर चिडलेले नसायचे, आणि पुढचं सगळं त्यामुळे जमलं.

दुसरं, वेळ डोळ्यांना किंवा कानांना कळू द्या. या मुलांना 'दहा मिनिटं' म्हणजे काय हे आतून जाणवत नाही. वाळूचं घड्याळ चालतं, स्वयंपाकघरातला किल्लीचा टायमर चालतो. मोबाइलचा टायमर नको, तो हातात आला की टायमर राहतो बाजूला. माझ्याकडच्या एका घरात सकाळी वरण-भाताचा कुकर लावूनच अभ्यासाला बसतात: दुसऱ्या शिट्टीपर्यंत तीन गणितं, मग उठायचं. शिट्टी घड्याळासारखी नेमकी नसते, तरी चालतं. आईच्या बोलण्याऐवजी शिट्टी 'थांब' म्हणते, त्यामुळे वाद होत नाही. सुरुवातीचा वेळ तो आत्ता जितका टिकतो त्याहून थोडा कमीच ठेवा. पाच मिनिटं टिकतो ना, मग चार मिनिटांचा डाव. उठायच्या आधी डाव संपला, म्हणजे जिंकून उठला. आठवड्याला एकेक मिनिट वाढवा, आणि चुळबुळीचे दिवस आले तर निमूटपणे मागे या.

तिसरं, डोक्यातली पाटी पुसली जाते, तर हातात खरी पाटी द्या. मी अजूनही दगडी पाटी वापरते. पाटीवर एका वेळी एकच उदाहरण मावतं, पुढची नऊ नजरेसमोर नसतात, आणि चूक पुसली की खूण उरत नाही. वजाबाकीच्या पायऱ्या मोठ्या अक्षरात लिहून पाटीच्या वरच्या चौकटीला चिकटवायच्या, म्हणजे भंगारवाला ओरडून गेला तरी आपण कुठे होतो ते बोट ठेवून सापडतं. कंपासपेटीचंही तेच. 'आत जा, कपाटाच्या खालच्या कप्प्यातून कंपास आण आणि येताना खोडरबर बघ' हे त्याच्यासाठी तीन कामांचं ओझं आहे. जवळ जा, खांद्याला हात लावा, नजर मिळाली की एकच सांगा, "कंपास." जाताना त्याने तो शब्द मोठ्याने म्हणत जायचं. मुळात कंपास सतरंजीशेजारच्या टोपलीत असेल तर पाठवायचीच वेळ येत नाही.

हालचाल बंद करायच्या भानगडीत पडू नका, ती अभ्यासाच्या आधी आणि मधे पेरा. सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून येणारी, गोल्फ क्लबच्या मैदानावर धावून येणारी मुलं नंतरचा तासभर बरी बसतात, हा माझा अनुभव आहे. उभ्याने लिहू द्या, पाढे म्हणताना चेंडूचे टप्पे पाडू द्या. घरी शिकण्याची मोकळीक इथे वापरा. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात त्याला शंभराची नोट आणि तीन भाज्यांची यादी देऊन पाठवा, तुम्ही दहा पावलं मागे राहा. हिशेब, यादीप्रमाणे चालणं, आपला नंबर येईपर्यंत थांबणं, सगळं एका फेरीत येतं. त्याच वेळी तुम्हाला 'दुसऱ्या ठिकाणा'ची एक नोंदही मिळते.

शाबासकी लगेच आणि नेमकी हवी. "शहाणा बाळ" यातून त्याला काही कळत नाही. "टोक तुटलं तरी तू उठला नाहीस, दुसरी पेन्सिल घेतलीस," यातून कळतं. महिनाअखेरच्या सायकलीचं आमिष या मुलांना पोचत नाही, ते फार लांब असतं. आज संध्याकाळी वीस मिनिटं जास्त ब्लॉक्स, एवढं जवळचं बक्षीस पोचतं. आणि दिवसातून एकदा तरी असा वेळ ठेवा, ज्यात तुम्ही त्याला काहीही शिकवत नाही.

औषधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचं वर्तन-प्रशिक्षण करतात, त्यापुढे लक्षणं जास्त असतील तर डॉक्टर औषध आणि वर्तनोपचार दोन्ही सुचवतात. मिथाइलफेनिडेट हे त्यातलं सगळ्यात जुनं आणि अभ्यासलेलं औषध. ते आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये आहे, म्हणजे विशेष चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम करू लागते आणि चारेक तास चालते. भूक कमी होणं, झोप लांबणं हे होऊ शकतं, म्हणून उंची, वजन, रक्तदाब मोजत राहतात. घरात कोणाला हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. अ‍ॅटोमॉक्सेटीन वेगळ्या प्रकारचं, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. औषधाने मूल मठ्ठ होतं ही भीती मी रोज ऐकते. मूल गप्प, निस्तेज झालं असेल तर मात्रा किंवा औषध बदलायला हवं, आणि ते डॉक्टरांना कळवणं तुमच्या हातात आहे. तुमच्याकडे बाईंचा अभिप्राय नाही, तेव्हा इथेही ती वहीच उपयोगी पडते. औषध द्यायचंच असा माझा आग्रह नाही, आणि देणाऱ्या आईला कोणी बोल लावला तर मला सहन होत नाही. गोळीने लगाम हातात येते, रस्ता मात्र शिकवावाच लागतो.

शाळेत परत घालावं का? हे तुमच्या मुलावर, तुमच्या तब्येतीवर आणि मिळणाऱ्या शाळेवर अवलंबून आहे. तुम्ही शाळा का सोडलीत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तिथे तो रोज ओरडा खात असेल तर केवळ 'वळण लागावं' म्हणून परत पाठवू नका. उलट तुम्ही पूर्ण थकला असाल, दिवसभर घरात दोघांत ताण असेल, तर समजूतदार बाई असलेली छोटी शाळा हा पराभव नाही. परीक्षेची चिंता मात्र आत्ता करू नका. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त बेसिक शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत. त्यांच्या दहावीला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, आणि एकदा नाव नोंदवलं की 5 वर्षांत 9 संधींमध्ये सगळे विषय पास होता येतं. एका वेळी दोन विषय घेऊन पुढे जाणं या मुलांना फार मानवतं. बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म आहेच. ज्या शहरात 1989 पासून मुक्त विद्यापीठ आहे तिथे शाळेबाहेर शिकणं हे काही जगावेगळं नाही, हे सासूबाईंना सांगून बघा.

आणि सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. त्या शेजारी बसून वाती वळत असतील तरी मुलगा जास्त वेळ टिकेल. शेजारी कोणीतरी आपापलं काम शांतपणे करत असणं हा या मुलांसाठी मोठा आधार असतो, आणि वर मी दिलेल्या वहीच्या नमुन्यातही तेच दिसतंय. 'मीही असाच होतो' म्हणणाऱ्या बाबांकडे तर मोठी ठेव आहे. त्यांना विचारा: असा होतास, तर तेव्हा तुला काय लागत होतं? कोण ओरडलं, ते अजून आठवतं का? कशाने जमू लागलं? हे त्यांनी मुलाजवळ बसून त्याला सांगावं, एखाद्या रविवारी, सतरंजी गुंडाळलेली असताना. आणि डॉक्टरांकडे जाताना तेही सोबत असू द्या. वही, पहिलीचं प्रगतिपुस्तक, मुलाच्या दोन-तीन लिहिलेल्या वह्या आणि घरात जपलेली असतील तर बाबांची लहानपणची प्रगतिपुस्तकं, एवढं एका पिशवीत घालून न्या.